एका वेशीचा बाजार

रिसोडला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. ते मला कुणी लावून दिलेलं नाही, मीच उभं केलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी ऑनलाइन गेम उघडतो. त्यात खेळणारेच गावं बांधतात आणि तिथे व्यापारी, सुतार, कोतवाल होऊन राहतात.

शेलूबाजारच्या एका वेल्डरने आणि मी मिळून तिथे बाजार बांधला. तेव्हा एकेक दगड हाताने ठेवावा लागे. दोन पावसाळे त्यात गेले. चहूकडून भिंत आणि वेस एकच, माझ्या तिथल्या दुकानासमोर. माझ्याशी घासाघीस केल्याशिवाय कुणी आत जाऊच शकत नव्हतं. मी खोटंखोटं चिडायचो, कधी खरंच.

मग नवी साधनं आली. काय हवं ते लिहिलं की गल्ल्या, दुकानं, दुकानदारसुद्धा तयार. वेल्डरने एका बैठकीत नवा बाजार उठवला, चारी बाजूंनी उघडा. मला विचारलंही नाही. सगळी माणसं तिकडे गेली.

मीही गेलो. तिथल्या यंत्राच्या दुकानदाराला घोंगडीचा भाव विचारला आणि निम्मा मागितला. तो हसून म्हणाला, "घ्या."

"अबे, एकदा तरी नाही म्हन!" मी ओरडलो.

हेडफोनमध्ये वेल्डर हसला. "कायले भांडून राह्यला भाऊ? सस्त्यात भेटली ना तुले!"

"तू मले इचारलं काहून नाही?"

"इचारलं असतं तं अठीबी तू एकच वेस ठेवली असती. माह्या दुकानापर्यंत कोनी पोचतच नव्हतं बे. तुह्यासंग भांडूनच वापस जात होते. भिंतीले दुसरी वेस पाड, मी येतो."

परत येऊन मी भिंतीला हात घातला. पण हाताने दगड काढायची जुनी सोय बंद झाली होती, आणि नव्या साधनांना आमचे सुटे दगड दिसतच नव्हते. अख्खा बाजार म्हणजे त्यांच्या लेखी एकच तुकडा. पडद्यावर प्रश्न आला : पूर्ण काढून टाकायचं? मी 'नाही' दाबलं.

हे त्याला सांगितलं नाही. "मंग तूच ये इकडे," म्हणाला असता.

काल तो वेशीबाहेर दिसला.

"पाडली का?"

"पाडतो. पह्यले अंदर ये, भाव सांग."

तो आला नाही. मला बाहेर जाता आलं असतं. पण दुकानदार गादीवरून आधी उठला, की भाव पडतो.