पत्रकाखालची नावं

आमच्या घरात पत्रक खालून वाचायची पद्धत होती. बाबा कागद हातात घेत आणि मजकुराआधी तळाला बघत. 'आपले नम्र' याच्याखाली नावं असतील तर चष्मा लावून वरपासून सुरुवात करत. नावं नसतील तर त्याची घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारत. ज्याला स्वतःचं नाव द्यायची भीती वाटते त्याचं मी का ऐकू, असं त्यांचं म्हणणं. नोकरीत असताना ते युनियनची पत्रकं लिहायचे, नायगावला राहायला आल्यावर पाण्याच्या आंदोलनाची लिहिली. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी मुळाक्षरं गिरवली. मैद्याची खळ किती घट्ट शिजवायची हे मला पाढ्यांच्या आधी कळलं.

कॉलेजात असताना मी घरी सांगितलं की मी गे आहे. आई खूप रडली, मग तिने जेवायला वाढलं. बाबांनी काही दिवस जाऊ दिले. एका सकाळी दाढी करता करता त्यांनी आरशातूनच विचारलं, "तुमची संघटना आहे का?"

संघटना नव्हती. गोडाऊन होतं.

जूचंद्रच्या रस्त्याला एका डेकोरेटरचं गोडाऊन आहे. तो त्याच गावचा, आगरी, माझ्यापेक्षा बराच मोठा. गावात घरोघरी रांगोळी काढणारे हात आहेत, त्यातलाच त्याचा एक. रांगोळीवरून फुलांकडे, फुलांवरून मंडपाकडे असा तो वाढत गेला आणि आता तालुक्यात त्याचा मंडप नसलेली लग्नसराई होत नाही. सगळे त्याला शेठ म्हणतात. रविवारी दुपारी आमची मंडळी त्याच्याकडे जमायची. गुंडाळलेले गालिचे, बांबूंचे ढीग, आणि मधोमध नवरा-नवरीचे सोनेरी पाठींचे सोफे. त्यांच्यावर मांडी घालून आम्ही चहा प्यायचो.

शेठच्या एका मंडपातून किती जणांची पोटं भरत होती हे मला हळूहळू कळलं. मेकअपवाला आमचा, फोटोवाला आमचा, मेंदी काढणारी आमची, गासच्या वाडीतून चाफा आणि झेंडू पुरवणाराही आमचाच. शेठ काम देताना पहिला फोन आमच्यातल्या कोणाला तरी करायचा. मोठ्या कंपन्या वर्षातून एक महिना आपलं चिन्ह सात रंगांत रंगवतात आणि त्याला आमची ताकद म्हणतात. मला त्याचा राग येतो. आमची ताकद नायगाव पूर्वेला होती, शिडीवर चढून झालरी बांधत होती. ज्या लग्नांत आमच्यासारख्यांना कोणी शेजारी बसून जेवा म्हणालं नसतं, ती लग्नं आमच्याशिवाय उभी राहत नव्हती. फक्त हे कोणी मोठ्याने म्हणत नव्हतं, आम्हीसुद्धा.

आमच्यात दहावीचे क्लास घेणाऱ्या एक मॅडम आहेत. त्या आणि त्यांची जोडीदार कितीतरी वर्षं एका घरात राहतात, क्लासही दोघींचा. मागच्या पावसाळ्यात जोडीदार एकाएकी आजारी पडली. एका खासगी रुग्णालयात दाखल केलं. दारात विचारलं, तुम्ही कोण? मॅडम म्हणाल्या, मैत्रीण. मग जवळच्या नातेवाइकाला बोलवा, असं सांगून त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. ज्या भावाने बहिणीशी बोलणं टाकलं होतं, तो सावकाश येऊन सही करून गेला. जोडीदार बरी झाली. पण त्या बाकाबद्दल मॅडमनी गोडाऊनमध्ये सांगितलं तेव्हा कोणी चहाला हात लावला नाही.

मग या वेळची महापालिका निवडणूक आली. आमच्या प्रभागातला एक उमेदवार शेठचं जुनं गिऱ्हाईक होता. मी बरं लिहितो हे त्याला कुठून तरी कळलं आणि त्याने पत्रक लिहायला मला बोलावलं. पाणी, गटारं, रस्त्यावरचे दिवे, सगळं मी लिहिलं. शेवटी एक ओळ माझी घातली: 'महापालिकेच्या रुग्णालयात रुग्ण ज्याला आपलं माणूस म्हणेल, समलिंगी जोडप्यांसह, त्यालाच जवळचं माणूस मानलं जाईल.' पालिकेने नियम केला की तो खासगीवाल्यांच्या तोंडासमोर धरता येईल, असा माझा हिशेब.

उमेदवाराच्या कार्यालयापुढच्या मंडपाचं काम संपत आलं होतं. तिथेच खुर्चीवर बसून त्याने मजकूर वाचला.

"ओळ झकास आहे," तो म्हणाला. "ते दोन शब्द फक्त काढ. 'समलिंगी जोडप्यांसह'. अर्थ तोच राहतो की."

"अर्थ तोच राहत असेल तर शब्द राहू द्या."

तो हसला. वाईट माणूस नव्हता तो, अजूनही नाही. त्याने मला शेजारी बसवून घेतलं आणि समजावून सांगितलं. त्याच्याकडे सोसायट्यांचे चेअरमन येतात, गावकीचे लोक येतात, मच्छीवाल्या बायका येतात. हातात निवेदन असतं, निवेदनाखाली नावं असतात. "तुमचं काय आहे? पैसा आहे, धंदा आहे, मला सगळं माहीत आहे रे. पण नाव नसलेल्या माणसाकडे मी मत मागायला कुठल्या मजल्यावर जाऊ?"

हे तर बाबांचंच वाक्य होतं. माझ्या मागे शिडीवर शेठ होता. त्याने सगळं ऐकलं. खाली उतरला, सुतळीचा गुंडा उचलला आणि दुसऱ्या खांबाकडे गेला.

उमेदवाराचं पत्रक मी तिथेच सोडलं आणि घरी येऊन आमचं स्वतःचं लिहायला बसलो. सगळ्या उमेदवारांना उद्देशून, मागणी तीच. संध्याकाळी बाबांना दाखवलं. त्यांनी सवयीने आधी खाली बघितलं. तिथे काही नव्हतं. मग वर गेले.

"धिक्कार तीन वेळा आलाय," ते म्हणाले. "एकदाच करावा. जास्त केला की लोकांना सवय होते."

दोन धिक्कार कापले. "आणि नावं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आणतो.

रविवारी गोडाऊनमध्ये मी माझी कल्पना मांडली. नाव द्यायचं आणि नावापुढे काम लिहायचं. म्हणजे पत्रक हातात घेणाऱ्याला कळेल की त्याच्या बहिणीला नटवणारा हाच, त्याच्या पोराला गणित शिकवणाऱ्या याच. आधी बराच वेळ थट्टा झाली. मेकअपवाला म्हणाला, नाव दे पण फोटोही छाप, आणि डाव्या बाजूने. मग जो तो आपल्या गिऱ्हाइकांचे चेहरे आठवत असावा.

मॅडम आणि त्यांची जोडीदार एकमेकींकडे बघत होत्या. "आमची दोघींची लिही," मॅडम म्हणाल्या. "पालक विचारतील, त्यांना सांगू. बीजगणित तेच राहणार आहे."

शेठ नाही म्हणाला. त्याची बाजू खरी होती. लग्नाचं काम विश्वासावर चालतं, मुलीच्या बापाने 'याच्या हातची कमान नको' म्हटलं की संपलं. आणि एकाचं मोडलं की चार जण बघून मोडतात. त्याच्या एकट्याचं पोट नव्हतं. भावाचं कुटुंब, कामगार, आणि सोफ्यावर बसलेले आम्हीही होतो. "मना नको यात घेऊ," तो एवढंच म्हणाला. पण आम्हाला ठाऊक होतं, त्याचं नाव नसेल तर कागदाला वजन नाही. उमेदवार ज्याच्या मंडपात उभा राहून भाषण करतो, तोच कागदावर नसेल तर आम्ही पुन्हा बिननावाचेच.

कोपऱ्यातून आमचा एक मित्र बोलला. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतली त्याची कंपनी बंद पडली होती, नालासोपाऱ्याला खोली भाड्याने घेऊन तो काम शोधत होता. "नावापुढे धंदा लिहिणार. मग ज्याला धंदा नाही त्याने काय लिहायचं? 'सोफ्यावर बसणारा'?"

सगळे हसले, मीही हसलो, पण त्याने माझी चूक नेमकी पकडली होती. कमाई दाखवून हक्क मागायला गेलं की ज्याची कमाई नाही तो दाराबाहेरच राहतो, मॅडमसारखा बाकावर. आमचा पैसा हे आमचं बळ आहे. ती प्रवेशाची फी नाही. मी पेन काढलं आणि त्याचं नाव सगळ्यात वर लिहिलं. नावापुढे लिहिलं, 'मतदार'.

छपाईच्या आदल्या दिवशी जूचंद्रला एका घरी हळदीच्या मंडपाचं काम चाललं होतं. शेवटचं विचारावं म्हणून मी गेलो. शेठ कमानीला आपला बोर्ड बांधत होता. काम संपलं की हे तो दुसऱ्या कोणाला करू देत नाही. मला बघून तो शिडीवरूनच बोलायला लागला.

"हा बोर्ड बघतंस ना? माझा नाव, बापाचा नाव, खाली नंबर. गावातल्या सगल्या कमानींना लटकलाय हा." त्याने गाठ ओढली. "त्या दिवशी तो बोलला, नाव नसलेला मानूस. मी त्याच्याच मंडपाला बोर्ड बांधत होतो."

मी शिडी धरून उभा राहिलो.

"लिही," शेठ म्हणाला. "बोर्डावर हाय तसाच लिही. नंबर पन टाक."

छापखान्यात मालकाने मजकूर वाचला, मान वर केली, आणि निवडणुकीच्या काळात मुद्रक-प्रकाशकाच्या नावाशिवाय छापता येत नाही, प्रकाशक कोण, असं विचारलं. मी माझं नाव सांगणार तोच बाबा पुढे झाले. त्यांचं नाव, त्यांचा पत्ता. हे काम मी पूर्वीपासून करतोय, असं त्यांनी मालकाला समजावलं, जणू अनुभवाच्या अटीवर जागा भरायची होती. खळ त्या रात्री आईने शिजवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाटायला निघालो. नायगाव स्टेशनबाहेर, जूचंद्रच्या बाजारात, सोसायट्यांच्या गेटवर. एका वॉचमनने कागद परत केला, एका बाईने दोन मागून घेतले. आणि शेठचा फोन वाजायला लागला. नंबर छापल्यावर तो वाजणारच होता. टवाळ पोरं घाणेरडं काहीतरी बोलायची. शेठ शांतपणे ऐकून घ्यायचा आणि विचारायचा, "बरा. मंडप कुठल्या तारखेला पायजे?" पलीकडून फोन ठेवला जायचा.

एक फोन मात्र टवाळी नव्हती. नात्यातल्याच घरचा साखरपुडा होता. त्यांनी दुसरा माणूस बघितला आहे, असं कळवलं. त्या दिवशी शेठ आवरलेले बांबू पुन्हा आवरत बसला. मी जवळ गेलो तर म्हणाला, चहा सांग. धीर द्यायला माझ्याकडे एवढी वाक्यं होती, पण चहाच सांगितला.

त्यानंतर चांदीपहून एक बाई आल्या. मुलीचं लग्न होतं. हातात आमचं पत्रक, चार घड्या घातलेलं. गोडाऊनमध्ये असतील नसतील ते सगळे कामात गुंतल्यासारखे झाले. बाईंनी पत्रक टेबलावर ठेवलं, शेठकडे बघितलं.

"हे वाचलं मी," त्या म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याच्या वेळेला मलाही असंच बाहेर बसवलं होतं, कागदावर आडनाव जुळत नाही म्हणून. ते असो. कमानीला खरी फुलं पाहिजेत, प्लास्टिक चालणार नाही. आणि रेट मागच्या वर्षीचा."

"मागच्या वर्शीचा नाय परवडत, ताई."

"मग नाव कशाला छापलंत? ओळख झाली ना आता?"

तास-दीड तास घासाघीस चालली. शेठ हरला, आणि इतका खूश मी त्याला कधी बघितला नव्हता.

उमेदवार आला तो त्यानंतर. प्रतिस्पर्ध्याचा माणूस गोडाऊनमध्ये येऊन चहा पिऊन गेला हे त्याच्या कानावर गेलं होतं. सोनेरी सोफ्यावर टेकून त्याने पत्रक उघडलं आणि खालच्या नावांपैकी पहिल्यावर बोट ठेवलं. "बाकीचे ओळखले. हा कोण, 'मतदार'?"

आमचा मित्र मागून उठला. "मी."

उमेदवाराने उभं राहून त्याच्याशी हात मिळवला. त्याच्या जाहीरनाम्यात आमची ओळ आली, दोन्ही शब्दांसकट, अगदी तळाला, दिव्यांच्या खांबांनंतर. तो निवडून आला. ओळ अजून कागदावरच आहे, नियम व्हायचा आहे. पण आता ती त्याने छापलेली ओळ आहे, आणि आम्ही त्याच्या कार्यालयात जातो तेव्हा कोणत्या मजल्यावरून आलात असं तो विचारत नाही.

या लेखात मी कोणाचं नाव घातलेलं नाही. ज्याला नावं हवीत त्याने ती जूचंद्रच्या नाक्यावर, भिंतीला चिकटवलेल्या पत्रकाखाली वाचावीत. आईची खळ चांगली होती, कागद अजून टिकून आहे.

नियमाची आठवण करून द्यायला परवा दुसरं पत्रक लिहिलं. नावं मागायला मला जावं लागलं नाही, ती येत राहिली. कोणी गासहून, कोणी विरारहून, एक जण तर शेठच्या बोर्डावरचा नंबर बघून आलेला. पान भरून वाहायला लागलं. मी बाबांना म्हटलं, नावांची अक्षरं बारीक करतो.

"नावं बारीक करायची नाहीत," ते म्हणाले. "मजकूर काप."

मी कापला. या वेळी एकच धिक्कार होता, तोही गेला. त्या जागेत आडवी दोन नावं बसली.