तंबूवरची ताडपत्री आणि वाघी

सांगतो राव, पण आधी कप खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. मी आहुप्याला जी शोभा करून घेतली, तशी दुश्मनाचीही होऊ नये!

दोन हजार दोन-तीन साल असेल. मी जुन्नरला शाळेत क्लार्क. हौसेनं पुण्याहून तंबू आणला, तर पहिल्याच सरीला आत धारा! बायको म्हणाली, "यापेक्षा एसटी स्टँड बरा."

झालं, पेटलो ना मी इरेला! पिंपरी पेंढारच्या घरून दोन ताडपत्र्या उचलल्या. एक तंबूखाली अंथरायला, दुसरी वर उतार देऊन ताणायला. ही वरची गोठ्यात सरकी पेंडीवर टाकलेली असायची.

"अहो, धुऊन तरी घ्या."

"पाऊस धुईल की!"

आहुप्याला घाटमाथ्यावर तंबू ठोकला, वरच्या ताडपत्रीचे चारी कोपरे दोरांनी ताणले, पुढं झकास पडवी काढली. पाचच्या सुमारास असं धुकं उतरलं, की स्वतःचे बूट दिसेनात. आम्ही दोघं आणि आमच्या दोघी मुली आत जाऊन बसलो.

आणि बाहेरून आवाज आला. खर्रर्र... खर्रर्र... मग फुस्स! ताडपत्रीला हिसका बसला, अख्खा तंबू हलला.

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात, आणि त्या दिवसांत उसाउसात वाघ निघत होते. "कुणी बोलू नका," मी म्हणालो. म्हणजे ओठ हलले, आवाज काही निघाला नाही.

तेवढ्यात धुक्यातून एका म्हातारीची हाक आली, "वाघी! आगं ए वाघी!"

"आजी! इथं आहे का ती?"

"तुमच्या तंबूलाच लागलीया न्हवं!"

"अहो, मग हाकला ना!"

"वरडू नगा पावणं, गाभण हाय. बिथरंल."

गाभण! म्हणजे पोटात आणखी दोन-तीन!

"आजी, माणसाला काही करते का हो?"

"छ्या! पर खायाला काय बी लागतं तिला. परवा माजं अख्खं लुगडं खाल्लं."

लुगडं! आत कोण होतं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

धाकटी रडायला लागली. खरं सांगतो, तेव्हा मात्र काळजात चर्र झालं. माझ्या हौसेपायी पोरींना वाघाच्या तोंडी आणलं की मी!

"भाऊ, जरा भाईर येऊन शिंगं धरा तिची!"

मी इतका भ्यालो होतो, की मला वाटलं, अरे देवा, हिला शिंगंपण आहेत!

मागं सरकायला गेलो, खांबाला लाथ बसली आणि तंबू ताडपत्रीसकट अंगावर आला. बायको मुलींना घेऊन कशीबशी बाहेर निघाली. मी आतच गुंडाळला गेलो. बाहेर अंगावर पट्टे असलेली एक गाय पेंडीच्या चवीनं ताडपत्री चाटत होती! पट्ट्यांवरूनच नाव वाघी. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी "आई गं! आई गं!" एवढंच म्हणत होतो.

म्हातारी घाबरली. "आगं बाई, आत आनखी येक लेकरू रडतंय की! तुजंच का?"

बायको म्हणाली, "नाही. ते माझ्या सासूबाईंचं."