हंड्याजवळची शेवटची दहा मिनिटं

सायकलवाल्यानं फिफ मागितला आणि एंगेलबर्टच्या मनात तिथंच पाल चुकचुकली.

आता आमच्या ऑस्ट्रियातल्या म्यूलफिर्टेलच्या डोंगरात उन्हाळ्याला सायकलवाल्यांचा तोटा नाही. चढ चढून तोंडं लाल झालेले, घट्ट रंगीत चड्ड्या घातलेले घोळकेच्या घोळके हिंटरश्लाग गावच्या चौकात उतरतात, एंगेलबर्टच्या खाणावळीच्या अंगणात चेस्टनटच्या सावलीला बसतात आणि राडलर मागतात. राडलर म्हणजे अर्धी बिअर आणि अर्धं लिंबाचं गोड पाणी, नावच मुळी सायकलवाल्यांचं. एंगेलबर्टच्या मते तो बिअरचा दिवसाढवळ्या खून, पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक, तो देतो. हा मनुष्य मात्र साठी उलटलेला, हडकुळा, एकटाच आला. जुनी हिरवी सायकल त्यानं भिंतीला टेकवली, आत येऊन खिडकीपाशी बसला आणि म्हणाला, "तुमची घरची बिअर. एक फिफ." फिफ हा आमच्याकडचा सगळ्यात छोटा पेला. म्हाताऱ्या बायका चर्च सुटल्यावर घेतात. धडधाकट पुरुषानं तो मागितला तर शेजारच्या टेबलावरून विचारतात, औषध घ्यायचंय का म्हणून.

पेला पुढ्यात आला तरी या गृहस्थानं तो तोंडाला लावला नाही. दोन्ही तळव्यांत धरून जरा ऊब दिली, डोळे मिटले आणि नाक पेल्यात घालून तीनदा हुंगलं. मग एक घोट. मग खिशातून तेलकट पुठ्ठ्याची वही काढून काहीतरी लिहिलं. काउंटरमागे एंगेलबर्ट मघापासून एकच ग्लास पुसत होता.

पुसेल नाही तर काय करेल बिचारा. खाई त्याला खवखवे. एंगेलबर्टला वास येत नव्हता, आणि हे त्यानं जगापासून लपवलं होतं.

दोन हिवाळ्यांपूर्वी ताप आला, त्या तापानं नाक नेलं ते परत दिलंच नाही. जिभेवर कडू, गोड, आंबट, खारट एवढंच उरलं. आणि हा कोण, तर चार पिढ्यांच्या बिअरभट्टीचा धनी. नाक हेच त्याचं भांडवल. बाप गेला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्या सप्टेंबरात हॉप्सच्या शेतावर मालकानं, म्हणजे आता ते शेत बघणाऱ्या गोटहार्डच्या बापानं, पोराची गंमत करावी म्हणून तीन पोती पुढ्यात ठेवली. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी ती हिरवी फुलं. पोरानं प्रत्येक पोत्यातली चार-चार तळव्यावर चुरडली, हुंगली आणि सांगितलं, हे वरच्या उतारावरचं, हे ओढ्याकाठचं, आणि हे गेल्या वर्षीचं, जे तुम्ही माझ्या गळ्यात मारताय. त्या दिवसापासून त्याच्या नाकाला कुणी आव्हान दिलं नाही. पुढं तो नाकानं कांदे सोलायला लागला हे खरं. दुसऱ्याच्या खाणावळीत जाऊन पेला हुंगायचा आणि चारचौघांत सांगायचा, तुमची बिअरची नळी महिनाभर धुतलेली नाही. त्यामुळं आसपासच्या तीन गावांत त्याला मित्र थोडे. असा माणूस "मला वास येत नाही" हे कुठल्या तोंडानं सांगणार? त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

बापाची जुनी वही, घड्याळ आणि थर्मामीटर यांच्या जिवावर तो भट्टी चालवत राहिला. गिऱ्हाइकांचे चेहरे वाचायला शिकला. कुणी पहिला घोट घेऊन थांबलं की हा दुसऱ्या घोटापर्यंत नजर हलवायचा नाही. पूर्वी बिअरचा हंडा उकळू लागला की तो तिथून हलायचा नाही. शेवटच्या दहा मिनिटांत वाफेचा वास पालटतो, तो क्षण पकडून शेवटचे हॉप्स टाकण्यात त्याचा सगळा जीव. त्यापायी तो सख्ख्या बहिणीच्या लग्नाला अर्धा तास उशिरा पोचला होता, आणि बहीण अजून ते विसरलेली नाही. आता नेमकी तीच दहा मिनिटं त्याला सोसवत नसत. सगळी खोली वाफेनं भरून जायची आणि त्याला काही म्हणजे काही कळायचं नाही. मग कॉफीचं निमित्त काढून तो अंगणात जाऊन उभा राहायचा.

ज्याच्या मनात चोर, त्याला सगळे चोर. एंगेलबर्टचा पहिला संशय त्याच्या बायकोवर. बुर्गी खाणावळीचं स्वयंपाकघर बघायची. एकतीस वर्षांच्या संसारात तिनं हॉप्सच्या शेतावर पाऊल टाकलं नव्हतं. गेली दोन वर्षं मात्र ती सप्टेंबरात त्याच्याबरोबर यायची, गोटहार्डशी हसून बोलायची, मागं उभी राहून फुलं चुरडायची. गोटहार्ड विधुर, अंगानं अजून ताठ. बरं, तेवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. ज्या मंगळवारी बिअर शिजायची त्या पहाटे त्यानं तिला दोनदा भट्टीतून बाहेर येताना पाहिलं होतं, एप्रनचा ओचा धरून, ओच्यात काहीतरी झाकून. शिवाय कोपऱ्यातल्या टेबलावर गोटहार्ड आणि त्याचे तीन सोबती रोज पत्ते खेळायचे, ते हा जवळ गेला की बोलणं बदलायचे. त्यात खालच्या डॅन्यूब नदीकाठच्या एका मोठ्या कारखान्याची दोन पत्रं येऊन पडली होती, भट्टी विकता का म्हणून. कुठंतरी पाणी मुरत होतं. त्याच्यापुरतं सगळं स्पष्ट होतं. याचं नाक गेल्याचा सुगावा कुणालातरी लागलाय, आणि आता भट्टी त्याच्या हातून काढून घेणार.

आणि आज हा हुंगणारा सायकलवाला.

एंगेलबर्ट फडकं खांद्यावर टाकून त्याच्या टेबलाशी गेला. "सायकलवर आलात आणि राडलर नको?"

"लिंबूपाणीच प्यायचं तर घरी बसलो नसतो का, मालक?"

"मग मोठा पेला घ्यावा माणसानं."

"अजून दोन गावं करायचीत. मोठे घेत बसलो तर सायकल मला नेणार नाही, मलाच तिला ढकलत न्यावं लागेल."

"आणि वहीत काय लिहिता?"

"कुठल्या बिअरसाठी चढ चढावा आणि कुठल्यासाठी चढू नये, ते."

"कुणासाठी लिहिता?"

"माझ्या गुडघ्यांसाठी," तो म्हणाला आणि हसला. नाव ओट्मार, लिंझ शहरात चाळीस वर्षं ट्रॅम चालवली, असं त्यानं सांगितलं. "जन्मभर रुळावरून गेलो. आता हँडल वळेल तिकडं जातो."

ट्रॅमवाले आपण काय कमी पाहिलेत, एंगेलबर्ट मनाशी म्हणाला. ते बिअर पितात, हुंगत बसत नाहीत.

तेवढ्यात बुर्गी आतून धुरावलेलं डुकराचं मांस आणि राय नावाच्या धान्याची भाकरी घेऊन आली, ताटली ठेवली आणि चक्क त्या माणसासमोर बसली. ती गिऱ्हाइकापाशी कधी बसत नाही. एंगेलबर्टनं ते पाहिलं आणि सरळ बाहेर जाऊन सायकलची पिशवी उघडली. चूक होतं, पण त्यानं उघडली. आत पंक्चरचं सामान, लोकरीचे मोजे, अर्धा सॉसेज आणि टॉवेलात गुंडाळलेला एक नाजूक काचेचा पेला, खाली निमुळता, वर फुगीर. स्वतःचा पेला घेऊन हिंडणारा ट्रॅमवाला. एंगेलबर्टनं पिशवी घाईनं मिटली. हा तपासायलाच आलाय, आणि बायको त्याला सामील आहे.

तो आत आला तेव्हा दोघं हळू आवाजात बोलत होती. याला पाहून बुर्गी उठली. "या, पंप दाखवते तुम्हाला, बाटल्या भरून घ्या," असं म्हणत ती त्या माणसाला मागच्या दारानं घेऊन गेली. वही टेबलावरच राहिली.

गेल्या दहा वर्षांत टेबल न पुसलेल्या एंगेलबर्टनं ते टेबल पुसायला घेतलं. पुसता पुसता चष्मा नाकावर चढवला. कोपऱ्यात पत्ते खेळणाऱ्या चौघांकडं पाठ केली आणि वही उघडली.

हिंटरश्लागची नोंद दोनदा होती. पहिली नऊ वर्षांपूर्वीची, म्हणजे त्याचं नाक धडधाकट होतं तेव्हाची. ओट्मारनं लिहिलं होतं: 'चांगली. वाळलेलं गवत, पावाचं कवच. शेवटी कडवटपणा हट्टानं मागं राहतो. करणारा कसबी आहे, पण बिअर दुसऱ्यांसाठी नाही, स्वतःला दाखवायला करतो. वाटेत लागली तर प्यावी.'

दुसरी आजची, शाई अजून ओली: 'काय झालंय इथं? ताजं गवत, संत्र्याची साल. कडवटपणा येतो आणि वेळेवर निघून जातो. हिच्यासाठी चाळीस किलोमीटर आडवाटेनं यावं. हात बदललाय. विचारायचं: आता बिअर कोण करतं?'

एंगेलबर्टनं ते दोनदा वाचलं. शिवी दिली असती तर सोसली असती. आपली बिअर वाईट झाली हे ऐकायची त्यानं दोन वर्षं तयारी केली होती. ती चांगली झाली, आणि आपल्या हातून नाही, याची तयारी त्यानं कुठून करावी?

"ठेव ती खाली." बुर्गी मागच्या दारात उभी होती. एकटीच.

"ओच्यात काय नेत होतीस?" त्यानं विचारलं.

बुर्गीनं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "हॉप्स. तू मापून ठेवलेल्यातल्या दोन ओंजळी काढून घ्यायची. तू सगळं घड्याळ बघून आधीच टाकून मोकळा होतोस, बेर्टल. शेवटी तू अंगणात गेलास की मी वाफ हुंगायची आणि त्या टाकायची."

"आणि गोटहार्ड? त्याच्याशी काय हसणं चालायचं?"

"त्या पहिल्या सप्टेंबरात तू पावसानं भिजलेलं पोतं निवडलंस, बुरशी लागलेलं. तळव्यावर चुरडलंस, हुंगलंस आणि म्हणालास, अव्वल. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी काय करणार होते, रडणार होते? हसले. मग मी मागून मान हलवीन ते पोतं तो तुझ्या पुढ्यात सरकवायला लागला."

"म्हणजे तुला कधीपासून..."

"तुझ्या तापानंतर दूध उतू गेलं होतं. खाली पडून करपलं, अख्ख्या घरात धूर. मी अंगणातून धावत आले, तर तू शेगडीपासून चार हातांवर बसून पेपर वाचत होतास." ती एप्रनला हात पुसत राहिली. "तू सांगशील म्हणून वाट बघितली. एक हिवाळा बघितली, दोन हिवाळे बघितली. तू माझ्यावर संशय घेतलास, पण सांगितलं नाहीस. मला त्याचा राग आहे, बेर्टल. वासाचा नाही, त्याचा."

एंगेलबर्टनं वही होती तिथं ठेवली. तेवढ्यात ओट्मार भरलेल्या बाटल्या घेऊन आत आला, खुर्चीवर बसला, वही पुढं ओढली आणि पेनचं टोपण काढून म्हणाला, "मालक, एक विचारायचं राहिलं. आता बिअर कोण करतं इथं?"

कोपऱ्यात पत्ते थांबले. चौघेही म्हातारे आपापल्या हातातल्या पानांकडं बघायला लागले, जणू त्यांच्यावर काही नवीन छापलं होतं. गोटहार्डची मान तर पार खाली. बुर्गी स्वयंपाकघराकडं निघाली होती, ती उंबऱ्यात थांबली, पण वळली नाही.

'मीच' म्हणणं सोपं होतं. कुणी खोटं पाडलं नसतं. बुर्गी उद्याही ओचा धरून पहाटे उठली असती, गोटहार्डनं पोतं सरकवलं असतं, आणि तो अंगणात उभा राहिला असता. एंगेलबर्टनं हे सगळं एकदा मनात फिरवून बघितलं.

"हंडा मी उकळतो," तो म्हणाला. "वास ती घेते. मला दोन वर्षं येत नाही."

मग गोटहार्डनं हातातलं पान टेबलावर टाकलं. "सुटलो. दोन वर्षं जीभ दाताखाली धरून बसलो होतो."

"तुम्हा चौघांनाही ठाऊक होतं?"

"चौघांनाच कशाला, पाद्र्यालाही आहे. तुझ्या नाकाला न विचारता या गावात कधी काही झालंय का? ते गप्प झालं की कळणारच."

"म्हणजे कट होताच," एंगेलबर्ट म्हणाला.

"होता," गोटहार्ड म्हणाला.

"मग माझं काही चुकलं नव्हतं." त्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी थोडं समाधान दिसलं. आपण वेडे नव्हतो, एवढं तरी सिद्ध झालं. माणसाला कशाकशाचा आधार लागतो. ओट्मारनं खाली मान घालून लिहायला घेतलं. एंगेलबर्ट त्याच्या डोक्याशी उभा राहिला आणि बोट ठेवून म्हणाला, "नाव पूर्ण लिहा. नॉटबुर्गा. आणि सायकलची पिशवी मी उघडली होती. मोजे वर आलेत, नीट लावून घ्या."

ओट्मार गेला, जाताना मोठा पेला पिऊन गेला, आणि चौकाच्या चढावर सायकल ढकलताना चौघा म्हाताऱ्यांनी त्याला खिडकीतून पाहिलं.

बुर्गी मात्र चार दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली. त्याचा तिला काही दोष देता येत नाही.

पुढच्या मंगळवारी हंडा उकळायला लागला. बुर्गी नेहमीच्या वेळी दारात आली, तो अंगणात गेला असेल अशा बेतानं, तर हा हंड्याजवळच उभा. दोन ओंजळी हॉप्स त्यानं स्वतःच बाजूला काढून ठेवले होते. वाफ छतापर्यंत भरली होती. त्यानं चार फुलं घेतली, तळव्यांत चुरडली आणि पस्तीस वर्षांच्या सवयीनं हात नाकाकडं नेले. अर्ध्यावर थांबला. मग वळला आणि दोन्ही तळवे तिच्या नाकाखाली धरले.

तिनं हुंगलं. मग हंड्यावर वाकून वाफ हुंगली.

"आत्ता नाही," ती म्हणाली. "थांब जरा."

एंगेलबर्ट थांबला.