अंगणातली शिळा

आमच्या अण्णांशी वाद घालून जिंकलेला माणूस मी पाहिलेला नाही. माझे वडील नरहरशास्त्री म्हणजे काशीच्या बालाजी घाटावरचं प्रस्थ. मिशनचे पाद्री यायचे, अण्णा त्यांना वादात पार लोळवायचे आणि चहाही विचारायचे नाहीत.

स्वातंत्र्यानंतरच्या एका उन्हाळ्यात वीणावहिनीला देवी आल्या. शरददादा रेल्वेच्या कामावर बाहेरगावी, मोलकरीण पळालेली, गल्लीतलं कुणी फिरकेना. देवीने गेलेल्याला काशीत जाळत नाहीत, शिळा बांधून गंगेत सोडतात. ऐनवेळी धावपळ नको म्हणून अण्णांनी घाटावरच्या मल्लाहाकडून, म्हणजे नावाड्याकडून, शिळा आधीच आणवली. काय ही दूरदृष्टी! ठेवली अंगणात, नेमकी वहिनीच्या खिडकीसमोर. वहिनीने ती पाहिली, भिंतीकडे तोंड केलं आणि पाणी घेणंही सोडलं.

गल्लीच्या टोकाला सुनीतीबाई साळवे राहायच्या. नगरकडची ख्रिस्ती नर्स, चेहऱ्यावर देवीचे जुने व्रण. त्या न बोलावता आल्या. अण्णा दारात आडवे आले.

"आमच्या घरात येशूची कथा नको, बाई."

"मी पाणी पाजायला आलेय," म्हणून त्या आत गेल्या. कामाआधी क्षणभर डोळे मिटायच्या, तेवढीच त्यांची प्रार्थना.

सोवळं मोडू नये म्हणून अण्णा आपल्या तांब्यातून वरून पाणी ओतायचे, त्या खाली भांडं धरायच्या. वहिनी ओठ उघडेना. मल्लाह रोज दाराशी येऊन विचारायचा, "पंडितजी, नाव लगाऊँ?" होडी लागणार होती ती वहिनीला न्यायला; तो आवाज ऐकला की मी आतलं दार लावून घ्यायचे.

एका सकाळी सुनीतीबाईंनी खिडकीतून ती शिळा पाहिली आणि वहिनी ओठ का उघडत नाही ते ओळखलं. वहिनीची उकळलेली लुगडी घेऊन त्या अंगणात गेल्या आणि शिळेवर आपटून धुवायला लागल्या.

अण्णा ओरडले, "ती कशासाठी आणलीय, ठाऊक आहे ना?"

"आहे. पण वीणाताईंना उद्या धुतलेलं लुगडं लागेल."

आत वहिनीने कूस बदलली. मला म्हणाली, "वन्सं, माझं हिरवं आहे ना ते? हळू आपटायला सांगा." मग तिने पाणी मागितलं. मी रडतच बाहेर धावले.

वहिनी उठून बसली त्या दिवशी अण्णा म्हणाले, "बाई, तुमच्या धर्माचं एक अक्षर काढलं नाहीत. माझी उत्तरं तयार होती."

"मला वाद येत नाही, अण्णा."

तेवढ्यात मल्लाह आला. "पंडितजी, नाव?"

"नहीं. और पत्थर यहीं रहेगा," अण्णा म्हणाले. सुनीतीबाईंनी पाण्यासाठी सवयीने भांडं खाली धरलं होतं. अण्णांनी आपला सोवळ्यातला तांब्याच त्यांच्या हातात दिला.