मोहाच्या झाडाखालची माणसं

आमच्या कोरकू लोकांत माणूस मेला की पुढे जमेल तेव्हा सिडोलीचा विधी करतात आणि सागाच्या फळीवर त्याचा मुंडा कोरून घेतात. वर चंद्र-सूर्य, मध्ये घोड्यावर बसलेला माणूस, खाली हात धरून नाचणाऱ्या बाया. गावाच्या ठरलेल्या झाडाखाली, आधीच्या मुंड्यांशेजारी तो रोवला की मेलेलं माणूस आपल्या लोकांत जाऊन बसलं असं आम्ही मानतो. तोवर ते भटकत राहतं.

आमच्या गावाचे मुंडे वर डोंगराच्या धारेवर मोहाच्या झाडाखाली होते. लहानपणी मोहफुलं वेचताना मी त्यांच्याशी बोलायचे. माणसांसमोर मला तोंड उघडवत नसे, त्यांच्यापुढे लाज वाटायची नाही. कोरणाऱ्यानं आजाच्या घोड्याला फार लांब कान काढले होते. माय म्हणायची, "तुह्या आजाले गाढवावर बसवलं पाहाय त्या मेल्यानं." सगळ्यात जुने मुंडे वाळवीनं खाऊन गुडघ्याएवढे उरले होते. ते कुणाचे हे आमच्या भुमकालाही, म्हणजे गावाच्या पुजाऱ्यालाही, सांगता येत नव्हतं.

गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, नांदुऱ्याकडच्या जळगाव तालुक्यात. सरकारनं जंगल राखीव केलं तेव्हा आमची शेतं आणि घरं त्याच्या हद्दीत गेली. मग जंगलाचा नाकेदार यायचा, आम्हाला जंगलाचे चोर म्हणायचा, आज उठवीन उद्या उठवीन म्हणायचा आणि कोंबडी घेऊन जायचा. बा गावचा पटेल. नोटीस आली तर वाचणारं कुणी नाही, म्हणून त्यानं मला जळगावला ठेवलं, आमचा डिंक आणि चारोळी घेणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्याच्या घरी. त्या घरच्या खालानं मला पोटच्या पोरीसारखं वागवलं. तिथं मी चौथीपर्यंत शिकले.

मी गावी परतले त्यानंतर थोड्याच काळात नागपूरला निवडून आलेल्या लोकांचं सरकार बसलं. जंगलातल्या लोकांवर झालेला अन्याय भरून काढायचा, जंगल राखीव होण्याआधीपासून जे राहतात त्यांची जमीन त्यांच्या नावानं करायची, असं त्या सरकारनं ठरवल्याचं कानावर आलं. चौकशीला एक साहेब आले. नाल्याकाठी आंब्याखाली त्यांचा तंबू लागला.

असा साहेब आम्ही पाहिला नव्हता. आमच्या अंगणात खुर्ची बाजूला सारून बाजेवर बसले. मायनं दिलेली कण्यांची पेज प्याले. पाय मुरगळला होता, त्यावर भुमकानं पाला बांधला तर नको म्हणाले नाहीत. बाच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "पटेल, सरकारनं तुमच्यावर अन्याय केला आहे. तो दूर करायला मी आलो आहे."

मी दाराआड उभी होते. बा साहेबांसोबत आलेल्या नाकेदाराकडे वळून म्हणाला, "आयकलं का हो? चोर आमी नाई म्हन्ते साहेब."

नाकेदार हसला. "म्हन्ते तर खरं."

साहेबांनी विचारलं, "गाव किती जुनं? काही पुरावा आहे?"

"कागद नाई साहेब. आमचे मेलेले हायेत ना वर, मोहाखाली. त्याईले इचारा."

"मी स्वतः आलो असतो हो, पण या पायानं धार चढवत नाही," साहेब म्हणाले. "त्यातले एकदोन इथं आणता येतील?"

त्यावर घरात भांडण झालं. रोवलेला मुंडा हलवत नाहीत. भुमका म्हणाला, "लोकाईले झोपेतून उठवून कायले नेता?" पण आमच्या पंचायतीत एक रीत आहे. साक्षीदारानं स्वतः पंचांपुढे उभं राहायचं. त्याच्या वतीनं दुसऱ्यानं सांगितलेलं चालत नाही. बाच्या डोक्यात तेच होतं.

"पंच आले खाली, अन् साक्षीदार वर झोपून राह्यले, हे काय बरं दिसते?" तो म्हणाला. "अन् एकदोन कायले? सारेच नेऊ. साऱ्याईले पाह्यल्यावर कोन नाई म्हनीन?"

"तू नेशीन, अन् आनशीन कोन?" मायनं विचारलं.

"मीच आनीन. सांजलोक."

सकाळी मोहाखाली दारू शिंपडून बानं त्यांना सांगितलं, "साहेबाच्या भेटीले चाला. सांजेले वापस आनतो." मग पुरुषांनी एकेक मुंडा खणून काढला, तान्ह्या पोराला उचलतात तसा खांद्यावर घेतला आणि खाली आणला. तंबूसमोर रांगेत उभे केले. जुने, वाळवी लागलेले पुढे, कारण म्हाताऱ्यांचा मान पहिला.

साहेब लंगडत त्यांच्यापुढून फिरले. त्या खाल्लेल्या लाकडावर बोट फिरवून म्हणाले, "हे तर आमच्या कायद्याच्या कितीतरी आधीचं आहे." त्यांचा आवाज बदलला होता. फोटो काढले, चित्रं उतरवून घेतली. आजाच्या घोड्याचे कान पाहून हसले तेव्हा मायही हसली. आमचं काम झालं असं सगळ्यांना वाटलं.

दिवस कलला तसा बा मुंडे उचलायला गेला. साहेबांनी हात जोडले. खरंच जोडले. म्हणाले, "पटेल, एक विनंती आहे. माझ्या वरचे लोक माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवणार नाहीत. हे त्यांना डोळ्यांनी पाहू द्या. पावसाळ्याआधी सुखरूप परत पोचवतो. माझा शब्द."

बानं भुमकाकडे पाहिलं. भुमका जमिनीकडे पाहत होता.

"वरचे पंच म्हंजे मोठे पंच," बा शेवटी म्हणाला. "त्याईच्यापुढं बी उभं राहा लागीनच."

गवतात, पोत्यांत बांधून मुंडे बैलगाडीत घातले. गाडी नांदुऱ्याला निघाली, तिथून रेल्वेनं पुढे. बा पूर्णेच्या काठापर्यंत गाडीमागे चालत गेला. परत आला तो रात्री जेवला नाही.

पावसाळा आला. मुंडे काढल्यावर मोहाखाली राहिलेल्या खड्ड्यांत पाणी भरलं. मग लढाई लागली, नागपूरचं ते सरकार राजीनामा देऊन गेलं, आणि आमच्या साहेबांची बदली झाली. बानं जळगावच्या कचेरीत खेटे घातले. तिथं कुणाला मुंडे ठाऊक नव्हते. एका कारकुनानं कुठून तरी माहिती काढून आणली, की ते मोठ्या शहरात जुन्या वस्तू मांडून ठेवतात त्या इमारतीत सुरक्षित आहेत. "काचंच्या कपाटात आहेत. वाळवी लागणार नाही आता," तो बाला समजावत होता. त्याला वाटलं, बाला आनंद होईल.

दुसऱ्या हिवाळ्यात हद्द मोजायला दुसरे साहेब आले. हे खुर्चीवरच बसले. आधीच्या चौकशीचं त्यांना काही माहीत नव्हतं.

"गाव जुनं असल्याची खूण दाखवा."

बानं त्यांना धारेवर नेलं. यांचे पाय चांगले होते, भरभर चढले. बानं खड्डे दाखवले. "इथं उभे होते साहेब. एका साहेबानंच नेले."

"खड्डे काय, कोणीही खणेल."

"याईले इचारा." बानं नाकेदाराचा हात धरला. "याईनं पाह्यले. तुमी तं इथं जोडा काढून चालत होते ना हो? सांगा ना!"

नाकेदारानं हात सोडवून घेतला. "मले नाई याद, पटेल. झाडं झुडपं पाहू का तुमचे लाकडं पाहू मी?"

बा त्याला शिवी देईल असं मला वाटलं. त्यानं दिली नाही. खाली उतरताना मलाच म्हणाला, "कोंबड्या याद असतीन त्याले."

उन्हाळ्यात आम्हाला उठवलं. उठवलं असं कोणी म्हणालं नाही. तुमच्या सुधारणेसाठी खाली सपाटीवर चांगली जागा दिली आहे, असं म्हणाले. जागा दिली ती दुसऱ्यांच्या शेतांमधली पडीक पट्टी. पाऊस पडला की नाल्याचं पाणी घरात यायचं. पुरुष त्या शेतांत मजुरीला जाऊ लागले. बाला कापूस वेचता येत नसे. बोटं जाड होती. बाया त्याला हसत, "पटेल, तुमी बोंड वेचता का झाड उपटता?" तोही हसायचा.

मला त्या पहिल्या साहेबांचाच राग जास्त येतो. दुसरे साहेब आमचे कोणी नव्हतेच. पहिल्यांनी आमच्या घरची पेज पिऊन अन्याय हा शब्द उच्चारला. तो शब्द आम्ही कधी मागितला नव्हता. तो ऐकला नसता तर बानं मोहाखालच्या त्या लोकांना उठवलं नसतं, आणि दुसऱ्यांना दाखवायला ते तिथं उभे असते. कदाचित त्यांचं मन चांगलं असेल. मला त्याचा उपयोग काय?

बा तिथंच वारला. शेवटी तापात बडबडत होता, "सांज झाली का?" माय म्हणायची, "नाई झाली, झोपा."

सिडोली केली. मुंडा कोरून घेतला. पण रोवायचा कुठं? धारेवर आता जाऊ देत नव्हते, आणि गेलो असतो तरी तिथं शेजारी कोण होतं? लोकांच्या बांधावर एकटा उभा करायला भुमका तयार होईना. मायनं तो घरातच, धान्याच्या कणगीमागे अंधारात उभा केला.

लढाई संपली आणि नागपूरला पुन्हा लोकांचं सरकार आलं. पुन्हा एक साहेब आले. तरुण होते. तेही बाजेवर बसले. म्हणाले, "मागच्या चुका आम्हाला दुरुस्त करायच्या आहेत. तुमच्या चालीरीती मोडून गेल्या असतील तर तुमचा हक्क सिद्ध करणं अवघड जाईल. म्हणून विचारतो." मग त्यांनी वहीत एक चित्र काढलं: चंद्र, सूर्य, घोडा. "असे खांब शहरात पाहिले मी. तुमच्याच भागातले असावेत. तुमच्यात करतात का?"

कणगी त्यांच्या पाठीशी होती. हात मागे केला असता तर लागली असती.

मला सगळं सांगता आलं असतं. त्यांची भाषा मला येत होती. घोड्याचे कान लांब आहेत का, एवढं तरी विचारावंसं फार वाटलं. हा माणूस खरा असू शकेल असंही वाटलं. मी मायकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"नाई साहेब," माय म्हणाली. "आमच्यात नाई करत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तुम्हाला, बाई? काही आठवतं?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी वही मिटली. आम्हाला जमीन मिळाली नाही. बा अजून कणगीमागे उभा आहे.