मोटेची सोंड

लढाई संपून गावी आलो तेव्हा देवाशी माझं बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. भांडण नव्हतं, गरज वाटत नव्हती एवढंच. मिलिटरीत चार वर्षं फिटर होतो. ज्याच्या हातात पाना आहे त्यानं नवस कशाला करायचा, असं मी चारचौघांत छाती काढून म्हणायचो. आई म्हणायची, “गर्वाचं घर खाली असतं, बाबा.” मी हसायचो. आज ते हसू आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

कडेगावच्या एका गुळाच्या व्यापाऱ्यानं लिलावात मिलिटरीची गाडी घेतली होती, चारी चाकं ओढणारी. ती चालवायचं आणि सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. गाडी आमच्या घराशेजारच्या छपरात उभी असायची. त्या वर्षी पावसाळ्यात तिच्या पुढच्या दोन्ही चाकांतून तेल गळायला लागलं. आसाचं तेल आत अडवून धरणारं सील झिजलं होतं. ते तेल ब्रेकवर येई आणि ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढे. पुढच्या चाकाजवळ आस जिथे वळतो त्या सांध्यावर चामड्याचं आवरण असतं, त्याला आम्ही बूट म्हणायचो. डाव्या बाजूचा बूट फाटला होता आणि आत चिखल शिरून सांधा कुरकुरत होता. नवे भाग कुठेच मिळत नव्हते. मी म्हटलं, चालतंय तोवर चालू द्या. असं म्हणत म्हणत दीड महिना घालवला.

माझी धाकटी बहीण इंदू बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. तिला काही अडचण आली तर सांगलीच्या दवाखान्यात न्यायला गाडी हवी, म्हणून अखेर नागपंचमीच्या आदल्या दिवशी मी पुढची चाकं उतरवली. चामडं आणून ठेवलं होतं. ते त्याच दिवशी कापून शिवायला हवं होतं, कारण पंचमीला आमच्याकडे चिरायचं नाही, कापायचं नाही, विळी-कात्रीला हात लावायचा नाही. पण दोस्त येऊन बसले आणि मी त्यांना लढाईच्या गोष्टी सांगत दिवस घालवला. घरात इंदू माझ्यासाठी भावाचा उपवास धरून बसली होती. नववा महिना लागलाय, यंदा राहू दे, असं आईनं तिला कितीदा सांगितलं. तिनं ऐकलं नाही.

पंचमीला सकाळीच तिला कळा सुरू झाल्या. सुईणीनं हात लावून पाहिलं आणि मूल आडवं आहे, आत्ताच्या आत्ता सांगलीला न्या, असं सांगितलं. कुणीतरी बैलगाडी जुंपायची गोष्ट काढली. बैलगाडी सांगलीला पोचायला दुसरा दिवस उजाडला असता. मी म्हटलं, तासाभरात गाडी उभी करतो. पुढच्या चाकांची ओढ सोडून निघावं, तर काळ्या मातीच्या त्या रस्त्यात नुसती मागची चाकं जागेवरच फिरली असती.

मी कात्री काढली आणि आई दारात येऊन उभी राहिली. मातीच्या नागोबाला वाहायच्या लाह्या तशाच तिच्या मुठीत होत्या. “आज न्हाई रं कापायचं,” ती म्हणाली. मी चामडं जमिनीवर पसरायला लागलो.

तेवढ्यात एक म्हातारा छपरात आला. खांद्यावर घोंगडी आणि त्यावर मोटेची सोंड. मोटेतलं पाणी ज्यातून पाटात पडतं, ती चामड्याची निमुळती नळी. पाऊस लागला की मोटा बंद, तेव्हा चामडं वाळू नये म्हणून लोक त्याला तेल पाजून ठेवतात. माझ्याकडचं जळकं काळं तेल त्याला थोडं हवं होतं. मी वेळ नाही म्हटलं. तो गेला नाही. उकिडवा बसून चाकाकडे बघत राहिला. मग म्हणाला,

“लेकरा, ही सोंडच चढव की त्यावर. कापाय नगं, शिवाय नगं. आन् गळतंय तितं लोकरीचा पीळ भर.”

मी वर बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, “बाबा, ही मिलिटरीची गाडी हाय, हिरीवरची मोट न्हाई.”

आई दारातून सगळं ऐकत होती. म्हातारा केव्हा उठून गेला तेही मला कळलं नाही.

मी चामडं कापलं. घाईत माप चुकलं. ओढून ताणून शिवलं, चढवलं आणि चाक वळवून पाहिलं तर शिवण उसवली. पुन्हा शिवलं, पुन्हा उसवली. आतून इंदूचं कण्हणं ऐकू येत होतं. दुपार झाली. चामडं संपलं. मी चाकापाशी मटकन बसलो आणि लहानपणानंतर पहिल्यांदा म्हणालो, देवा, माझ्याच्यानं होत नाही.

मान वर केली तर समोरच्या खुंटीला ती सोंड लटकत होती. तिच्याभोवती घोंगडीच्या दशांचा पीळ गुंडाळलेला. मी रस्त्यावर धावलो. दोन्ही बाजूंना कुणी नव्हतं.

आस बाहेरच काढलेला होता. सोंड त्यावर अलगद सरकली, जणू मापानं शिवलेली. दोन्ही टोकं तारेनं आवळली. लोकरीचे पीळ चरबीत भिजवून सीलच्या जागी दाबले. तासाभरात गाडी रस्त्याला लागली. कुंडलच्या पुढे ओढ्याला गुडघाभर पाणी होतं, त्यातूनही निघाली. तेलाचा थेंब गळला नाही की ब्रेकनं दगा दिला नाही.

इंदू वाचली. मुलगा गेला. डॉक्टर रागावले नाहीत. दोन-तीन तास आधी आणायला हवं होतं, एवढंच म्हणाले. ते दोन-तीन तास कुठे गेले हे मला ठाऊक होतं.

पुढे मी खानापूर, आटपाडी, जतपर्यंत धनगरवाड्यांतून त्या म्हाताऱ्याला शोधलं. कुणी ओळख दिली नाही. तो कोण होता याचा वाद मी घालत नाही. पंचमीला कापलं म्हणून शिक्षा झाली असंही मी मानत नाही. मला एवढंच माहीत आहे की मदत सकाळीच दारात आली होती आणि मी तिला हात हलवत परत पाठवलं. तरी ती खुंटीला थांबून राहिली. एवढी दया माझ्या वाट्याला का यावी, हे मला आजवर कळलेलं नाही.

इंदूला मी हे सांगितलं नव्हतं. पुढे तिला दोन मुली झाल्या. दर वर्षी ती पंचमीला येते, आदल्या दिवशी माझ्यासाठी उपवास धरते, आणि दर वर्षी तिनं वाढलेल्या ताटावरून मी अर्धपोटीच उठतो. गेल्या पंचमीला मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. म्हातारा सकाळीच आला होता, मी त्याचं ऐकलं असतं तर तुझा मुलगा आज तिशीत असता, असं म्हणालो आणि मान खाली घातली.

तिनं पुरणाच्या दिंडांचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, “मला ठावं हाय, दादा. आयनं तवाच सांगितलं हुतं.”

मी विचारलं, “मग इतकी वर्सं माझ्यासाठी उपास कशाला धरलास?”

“तवापास्नं तर जास्तच धरावा लागला,” ती म्हणाली आणि माझ्या ताटात तिनं आणखी एक दिंड वाढलं.

हातातला पाना खाली ठेवल्याशिवाय हात जोडता येत नाहीत, हे शिकायला मला फार मोठी किंमत पडली, आणि ती मी एकट्यानं दिली नाही. गाडी केव्हाच भंगारात गेली. सोंड मी काढून ठेवली आहे, त्याच खुंटीला. दर पावसाळ्यात तिला तेल पाजतो. दारात तेलाचा एक डबा भरून ठेवलेला असतो. कुणीही मागितलं तर आधी ते देतो, मग माझं काम.