सिद्ध्याचा रंग

सिद्ध्या मेला, आणि फ्लेक्सवाल्यानं त्याला गोरा केला.

त्याच्या गावात, पिशोरच्या चौकात बॅनर लागला. मला इकडं मस्कतला व्हॉट्सॲपवर फोटो आला. गुलाबी गाल, पांढरं कपाळ.
झूम करून बघितलं. खालचं नाव वाचलं तेव्हा कळलं कोण ते.

आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाय त्यांच्यासाठी सांगतो. सिद्धार्थ माझा दोस्त. संभाजीनगरात गुलमंडीजवळ एका खोलीत राहायचो. मी कापडाच्या दुकानात, तो मोबाइल रिपेअरिंगला. बाकी टाइम दोघं फोनवर चित्रं काढायचो. ऑनलाइन ऑर्डर यायच्या. माझं गेममधलं कॅरेक्टर काढा, माझ्या बायकोला राणी करा.
लाइन माझी, कलर त्याचा.

मला कलर जमायचाच नाय. सावली म्हटलं की मी काळा ओढायचो.
"अबे, माणूस रंगवतो का तवा?" तो म्हणायचा. "काळ्या माणसात काळा नसतो. लाल टाक, जरा जांभळा टाक."

कस्टमर म्हणायचे, जरा गोरं करा ना भाऊ.
हा सरळ ऑर्डर सोडायचा. मी चिडायचो.
"मी रोज आरशात बघतो," म्हणायचा. "काय वाईट आहे ह्या रंगात?"

मग मी कामाला मस्कतला आलो. तिकडं त्याला ताप आला, आणि आठवड्यात गेला.

परवा मावशीचा, म्हणजे त्याच्या आईचा फोन आला.
"वर्षाच्या पुण्यानुमोदनाला तो बॅनर नको रं बाबा. त्याच्याकडं बघून मला रडूबी येत नाय. तू काढ त्याला."

लाइन एका बैठकीत झाली. कलरला हात थांबला.

त्याच्या फोटोतून रंग उचलायला गेलो. पण त्याच्या फोनला ब्यूटी फिल्टर आपोआप लागायचा. दर फोटोत वेगळाच सिद्ध्या.

मग आठवलं, आम्ही हाताला हात लावून बघायचो. तो माझ्याहून थोडा गडद. म्हणून माझा हात बघून रंग केला.
केला आणि घाबरलो. इथल्या उन्हात माझाच हात पार बदललाय.

मेलेल्याचा आवाज इसरतो असं ऐकलं होतं. रंग इसरतो हे कुणी सांगितलं नव्हतं.
डोळे मिटले की तो बॅनरवरचा गोरा सिद्ध्याच समोर यायचा. लई भीती वाटली.

मावशीला विचारलं, "कसा होता वो त्याचा रंग?"
"आता कसं सांगू? माझ्यावानीच की."
"मग हात दाखवा. उन्हात."

व्हिडिओ कॉलवर दारात हात धरून बसली. मधेच नेट जायचं, हात निळा पडायचा.
"दिसतो का? दिसतो का रं?"
"व्हय, दिसतो."
अर्धं खोटं बोललो.

चित्र खाली लावलंय. मावशीला अजून पाठवलं नाय. हिंमत होत नाय.
तिनं बघितलं आणि गप्पच राहिली तर? तिच्याकडं दुसरा सिद्ध्या नाय. माझ्याकडंबी नाय.

पिशोरचे, गुलमंडीचे, ज्यांनी त्याला समोर बघितलंय, त्यांनी खरं सांगा. लाइक नको. छान छान लिहू नका.

हाच होता ना?

जय भीम, सिद्ध्या. शांत झोप, दोस्ता.